पेठेतून परदेशी : करकंब आणि इंग्रजी शिकविण्याचा पेशा

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याने भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंस उसाचे फड सुरू होतात. मधूनमधून डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा दिसतात, केळीची हिरवी पाने रस्त्यापर्यंत येतात. हा मुलूख मुळात कोरडा, अवर्षणाचा. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याने या जमिनीचा रंग पालटला. गुरसाळ्याचा श्री विठ्ठल सहकारी साखर कारखाना, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खत-औषधांची दुकाने ही सगळी त्या पाण्याचीच अपत्ये. पंढरपूरपासून सुमारे वीस किलोमीटर उत्तरेस करकंब लागते. तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर. शासनाच्या दप्तरात ते ग्रामपंचायतीचे गाव असले तरी त्याला निव्वळ खेडे म्हणता येत नाही. करकंब हे पेठेचे गाव आहे. भोसे, बार्डी, जळोली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांचा माणूस बियाण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंतच्या खरेदीसाठी येथे येतो.

ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तीनाथांची पालखी नगर, करमाळा असा मार्ग क्रमीत आषाढीच्या आधी करकंबला येते. त्या दिवशी गावाचे रूप बदलते. दुकानांच्या पायऱ्यांवर वारकरी टेकतात आणि चहा, फराळ, पाणी यांची सोय ज्याला जशी जमेल तशी केली जाते. धर्म वेगळा असला तरी पेठेतील व्यापारी या सेवेत मागे राहत नाही. शेकडो किलोमीटर चालून आलेला माणूस एक रात्र विसावतो आणि पहाटे पुढे निघतो. वाटेवरच्या गावाला परक्या मुलखाची सवय असते. जाणाऱ्याला ते अडवीत नाही, मात्र तो परत कधी येणार हे विचारल्यावाचून राहत नाही.

हाच प्रश्न आता पेठेतील घरे आपल्याच मुलांना विचारू लागली आहेत.

गल्ल्यावरची भाषा

पंढरपूर, अकलूज, नातेपुते, बार्शी, करकंब अशा बाजारपेठांतील जैन व्यापारी घराण्यांचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे. यांतील अनेकांचे पूर्वज गुजरातेतून वा राजस्थानातून आले. सोलापुरात 1882 साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. ही माणसे आली तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल बेताचे होते आणि येथील भाषा तर मुळीच नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मराठी आली. सोलापुरात विणकरांशी व्यवहार करताना तेलुगू कानावर पडली, अक्कलकोटच्या बाजूस कन्नड. हिशेबाच्या वह्या मोडीत लिहिल्या गेल्या. घरात एक बोली, गल्ल्यावर दुसरी, सरकारी कागदात तिसरी, अशी तीन-चार भाषांची उठाठेव या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. भाषा येणे म्हणजे उधारी वसूल होणे, भाव ठरणे आणि विश्वास बसणे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणूनच इंग्रजीकडेही या घरांनी प्रथम व्यापाऱ्याच्याच नजरेने पाहिले. महाराष्ट्र शासनाने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणले. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. पेठेतील मुले पंढरपूरच्या, अकलूजच्या, पुढे सोलापूर-पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांत गेली. त्यांतील बहुतेकांनी अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा सनदी लेखापालाचा मार्ग धरला. काहींनी मात्र इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए., बी.एड. केले आणि त्यांत मुलींची संख्या लक्षणीय आहे. आता अशा एखाद्या पदवीधर मुलीने किंवा मुलाने जेवणाच्या पानावर विषय काढावा, की परदेशात इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळते आहे, जाऊ का?

अशा वेळी घरातील संवाद बहुधा एकाच वळणाने जातो. आजोबा म्हणतात, “अगं, इंग्रजी त्यांचीच भाषा. ती शिकवायला आपली माणसं कशाला लागतात त्यांना?” आई विचारते, “जेवणाचं काय करशील?” वडील विचारतात, “पगार किती?” मोठा भाऊ विचारतो, “आणि मग दुकानात कोण बसणार?” या चारही प्रश्नांत तथ्य आहे. पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेकदा विचारलाच जात नाही. ही नोकरी दोन-तीन वर्षांची आहे, की तीस वर्षांचा पेशा?

शेजारच्या तालुक्यातील धडा

शिक्षकाच्या पेशाला मान किती, याचे उत्तर शोधण्यासाठी करकंबकरांना दूर जावे लागत नाही. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरचे ते पारितोषिक. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे जाहीर केले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणे, वाडीवरच्या मुलांचा दूरदेशीच्या मुलांशी संगणकाच्या पडद्यावरून संवाद घडविणे, ही त्यांची कामे. जगाचे लक्ष वेधून घेणारे हे काम त्यांनी परदेशात नोकरी धरून केले नव्हते, तर आपल्याच जिल्ह्यातील वाडीवर केले होते.

याचा अर्थ कोणी परदेशी जाऊ नये असा नाही. मात्र परदेश हा शिक्षकाच्या मोठेपणाचा पुरावा नव्हे, एवढे यातून स्पष्ट होते. जायचे तर मान मिळेल या आशेने जाऊ नये. कोणत्या देशात, कोणत्या पदावर, कोणत्या अटींवर काम करायचे आहे ते पाहून जावे. आणि अटी पाहू लागले म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

तीन वर्तुळे आणि बंद दारे

काश्मीरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अनेक दशके अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 1985 च्या सुमारास इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळे मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे देश, जेथे इंग्रजी घरची भाषा आहे. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे देश, जेथे ती कारभाराची व शिक्षणाची भाषा म्हणून रुजली. आणि त्यापलीकडच्या विस्तारणाऱ्या वर्तुळात चीन, जपान, कोरिया आदी देश, जेथे ती परकी भाषा म्हणून शिकली जाते. काचरूंचे म्हणणे असे, की बाहेरच्या वर्तुळातील इंग्रजीही तितकीच खरी इंग्रजी आहे, तिला स्वतःचे नियम व स्वतःची प्रतिष्ठा आहे. विद्वानांत हा विचार मान्य झाला. व्हिसा देणाऱ्या कचेऱ्यांत तो अजून पुरता पोहोचलेला नाही.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा व्हिसा सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे ते सात देश. भारत व कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार 1 जानेवारी 2010 पासून अमलात आला. त्याने भारतीयांसाठी एक खिडकी उघडली, परंतु ती साहाय्यक शिक्षकाच्या पदापुरती, आणि त्यासाठीही इंग्रजीची पदवी व अध्यापनाची पात्रता दाखवावी लागते. चीनमध्ये 2017 पासून परवान्याचे नियम कडक झाले आणि इंग्रजी शिकविण्यासाठी आतल्या वर्तुळातील देशांचे पारपत्र हीच मुख्य अट राहिली. पुढे 2021 च्या जुलैमध्ये तेथील सरकारने खासगी शिकवणी वर्गांवर कठोर निर्बंध घातले. एका आदेशासरशी मोठमोठ्या शिकवणी कंपन्यांचा धंदा बसला आणि त्यांवर अवलंबून असलेले देशोदेशीचे शिक्षक मोकळे झाले.

जपानचा नियम मराठी घरांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. तेथे परकी भाषा शिकविण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. म्हणजे करकंबच्या मराठी शाळेत दहावी होऊन पुढे इंग्रजीत एम.ए. प्रथम श्रेणीत मिळविलेल्या मुलीला या अटीची अडचण येणार, आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तिच्या मावसभावाला, त्याचे इंग्रजी तिच्याहून कच्चे असले तरी, ती येणार नाही. 1987 पासून चालत आलेली जपान सरकारची शिक्षक-विनिमय योजना प्रसिद्ध आहे, परंतु तीतही कोणाला पाच वर्षांपलीकडे राहता येत नाही. अमेरिकेचा विनिमय-शिक्षकाचा व्हिसाही असाच मुदतीचा, साधारण तीन वर्षांचा व वाढवून पाच वर्षांचा.

तेव्हा आजोबांना उत्तर असे, की जगाला इंग्रजी शिक्षक हवे आहेत आणि त्यात भारतीयही हवे आहेत, पण जेथे केवळ बोलीसाठी शिक्षक नेमला जातो तेथे पारपत्राचा रंग आधी पाहिला जातो. त्या बाजारात भारतीय शिक्षकाने उतरणे म्हणजे दुसऱ्याने भाव ठरविलेल्या मालाचा व्यापार करणे होय. दोन-चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ‘जगात कुठेही नोकरी’ असे सांगणाऱ्या जाहिराती म्हणूनच सावधपणे वाचाव्यात. केंब्रिजच्या सेल्टासारखा अभ्यासक्रम, ज्यात सुमारे 120 तासांचे शिक्षण व सहा तास प्रत्यक्ष वर्गात शिकविण्याचा सराव असतो, तो शिकवण्याची रीत घडवितो. त्याचा उपयोग निश्चित आहे. परंतु कोणतेही प्रमाणपत्र पारपत्र बदलून देत नाही.

इथिओपियाची तीन वर्षे

मराठी माणसाने परदेशात इंग्रजी शिकविणे ही मात्र नवी गोष्ट नाही. इटलीच्या ताब्यातून 1941 मध्ये सुटलेल्या इथिओपियाला सम्राट हैले सेलासी यांनी नव्या शाळा उभारण्याच्या कामास लावले. त्या शाळांसाठी शिक्षक भारतातून मोठ्या प्रमाणावर मागविले गेले. केरळातून सर्वाधिक गेले, महाराष्ट्रातूनही काही गेले. त्यांतील एक नाव मराठी वाङ्मयात पुढे फार मोठे झाले, ते म्हणजे दिलीप चित्रे. 1938 साली बडोद्यात जन्मलेले चित्रे विशी ओलांडताच, 1960 मध्ये, इथिओपियात गेले आणि तेथील शाळांत त्यांनी इंग्रजी शिकविले. संसार सोबत होता. 1963 मध्ये ते मुंबईस परतले.

ती तीन वर्षे पेशा म्हणून पाहिली तर फारशी भरत नाहीत. चित्रे पुढे जाहिरात, पत्रकारिता, चित्रपट अशा अनेक क्षेत्रांत वावरले आणि शाळेतील इंग्रजी शिक्षक म्हणून त्यांनी आयुष्य काढले नाही. परंतु दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याचे जे काम परक्या वर्गात रोज करावे लागते, तेच काम त्यांनी पुढे जन्मभर केले. तुकोबांच्या अभंगांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. 1994 मध्ये साहित्य अकादमीने त्यांच्या मराठी कवितेचा आणि या अनुवादाचा असा दोन्हींचा गौरव केला. करकंबवरून जी वाट पंढरीस जाते, त्या वाटेवरची वाणी जगापर्यंत नेणाऱ्यांत कधीकाळी आफ्रिकेत इंग्रजी शिकविलेला एक शिक्षक होता, ही गोष्ट या मुलखास अभिमानाची आहे.

चित्र्यांच्या उदाहरणातून एवढे दिसते, की अल्पमुदतीचे परदेशी अध्यापन वाया जात नाही. ते माणसाच्या इतर कामाला धार देते. पण त्यासाठी परतण्याचे ठिकाण आणि परतल्यावर करण्याचे काम, दोन्ही असावे लागते. ज्याच्यापाशी ती दोन्ही आहेत त्याने तीन वर्षे अवश्य जावे. परत काय करायचे हे ठाऊक नाही म्हणून जो परदेशात एक-एक वर्ष वाढवीत राहतो, त्याची चाळिशी मात्र कठीण जाते.

सोलापूरकरांच्या मनात आणखी एक नाव येते, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, तेथील भाषा शिकले, त्या भाषेत त्यांनी वैद्यकाचे शिक्षणही दिले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ते इंग्रजीचे शिक्षक नव्हते. परंतु परक्या देशात शिकविणारा माणूस कशाच्या बळावर टिकतो, हे त्यांच्या आयुष्यातून कळते. हातात एक पक्की विद्या हवी, आणि ज्यांना शिकवायचे त्यांची भाषा स्वतः शिकण्याची तयारी हवी.

आखाताचा ताळेबंद

भारतीय इंग्रजी शिक्षकाला खऱ्या अर्थाने रुळलेली वाट सापडते ती आखाती देशांत. दुबईचे इंडियन हायस्कूल 1961 चे, मस्कतचे इंडियन स्कूल 1975 चे. भारताच्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न अशा परदेशी शाळा आज दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांपैकी बऱ्याचशा आखातातच आहेत. येथे शिक्षक नेमला जातो तो बोलीसाठी नव्हे, तर विषयासाठी. इंग्रजीची पदवी, बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. पदवीच्या कागदांवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास यांचे शिक्के उमटवून घ्यावे लागतात. येथे भारतीय असणे ही उणीव ठरत नाही, उलट पात्रताच ठरते.

आता व्यापारी घराने येथे व्यापाऱ्यासारखाच विचार करावा. पगाराचा आकडा रुपयांत गुणून पाहिला की डोळे दिपतात. परंतु रोजमेळात जमेची बाजू एकटी लिहिली जात नाही. शाळेने घर दिले आहे की नाही, मुलांच्या शुल्कात सवलत आहे की नाही, सुटीतील पगार मिळतो की नाही, यावर निव्वळ शिल्लक ठरते. सर्वांत मोठी बाब म्हणजे निवृत्तिवेतन. परदेशी शिक्षकाला तेथे पेन्शन नसते, सेवेच्या शेवटी एकरकमी उपदान मिळते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांचे मूळ वेतन आणि त्यापुढे दर वर्षी 30 दिवसांचे मूळ वेतन, असा त्याचा हिशेब आहे.

समजा, एखाद्या शिक्षिकेचे मूळ वेतन दरमहा 5,000 दिरहॅम आहे. तिचे पहिल्या पाच वर्षांचे उपदान होते 17,500 दिरहॅम आणि पुढील पाच वर्षांचे 25,000 दिरहॅम. म्हणजे दहा वर्षांच्या सेवेनंतर हाती 42,500 दिरहॅम. मूळ वेतनाच्या साडेआठ महिन्यांइतकीच ही रक्कम. दहा वर्षांत जे शिल्लक पडले ते पडले, म्हातारपणाची पुंजी हीच आणि तीही स्वतःच जमविलेली. ज्याने पहिल्या महिन्यापासून बचतीचा वेगळा खाना ठेवला तो तरतो. ज्याने परदेशी पगारावर परदेशी राहणी चढविली, तो वीस वर्षांनी रिकाम्या हाताने नाही, पण हलक्या हाताने परत येतो.

जोखमीचाही विचार हवा. तेथे वर्षानुवर्षे राहूनही नागरिकत्व मिळत नाही, वास्तव्य नोकरीच्या कागदाला बांधलेले असते. स्थानिक नागरिकांना नोकरीत अग्रक्रम देण्याचे धोरण आखाती देशांनी उत्तरोत्तर पुढे नेले आहे. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत वर्षांची मिळकत बँकेत, दुकानात, घरात तशीच टाकून आलेली कुटुंबे होती. आपले सारे धन एकाच पेढीवर ठेवू नये, हे वाडवडिलांचे सांगणे देशांनाही लागू आहे.

घरची बाजू

परदेशाच्या जोखमी सांगताना घरची वाट मखमलीची आहे असे भासविणेही योग्य नाही. महाराष्ट्रातील अनुदानित शाळेत शिरण्यासाठी पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरची दीर्घ प्रतीक्षा ओलांडावी लागते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. 2023 मध्ये हे मानधन वाढवून प्राथमिकसाठी 16,000, माध्यमिकसाठी 18,000 आणि उच्च माध्यमिकसाठी 20,000 रुपये करण्यात आले. त्याआधी ते अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 होते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांना जुन्या पद्धतीची पेन्शन मिळाली नाही. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत तर पगाराचा आकडा बोलण्यासारखा नसतो. तेव्हा करकंबची एखादी मुलगी मस्कतचा विचार करते, तो उगीच नव्हे. घरच्यांनी तिला ‘येथेच नोकरी कर’ म्हणण्याआधी येथील नोकरीचा भाव एकदा विचारून पाहावा.

आईचा प्रश्नही किरकोळ समजू नये. आखातात भारतीय किराणा सर्वत्र मिळतो, शाकाहार कठीण नाही. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यास आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यास मात्र स्वतः शिजविण्याची सवय लावूनच निघावे लागते. जेथे जैन व्यापारी आधी पोहोचले तेथे वाट सोपी झाली आहे. जपानमधील कोबे येथे मोत्यांच्या व्यापाऱ्यांच्या वसाहतीत 1985 मध्ये जैन मंदिर उभे राहिले. केनियात हालारी ओसवाल समाजाने नैरोबीत मंदिराबरोबर शाळाही उभारल्या, ब्रिटनमध्ये लेस्टरच्या जैन केंद्राने समाजाला एकत्र ठेवले. अशा ठिकाणी गेलेल्या शिक्षकाला सणाला चार घरे मिळतात. एकट्याने घालविलेली पर्युषणे पगाराच्या पावतीवर दिसत नाहीत, पण मनावर दिसतात.

आणि दुकानाचा प्रश्न? भावाने तो विचारला, यात स्वार्थ होता असे नव्हे. पेठेतील दुकान ही केवळ मिळकत नसते, ती गावातील पत असते. पंधरा वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाला कोणत्या शेतकऱ्याचा शब्द खरा आणि कोणाची उधारी बुडीत हे माहीत नसते. तो परतून गल्ल्यावर बसला तरी गिऱ्हाईक भावालाच विचारते. म्हणून जो दीर्घकाळासाठी जातो त्याने दुकानातील आपला वाटा, आईवडिलांच्या आजारपणाची जबाबदारी आणि घराची मालकी यांचा निकाल निघण्यापूर्वीच, प्रेमाने व लेखी करून ठेवावा. अनेक घरांत पुढे जे मन दुखते ते अंतराने दुखत नाही, न केलेल्या बोलण्याने दुखते.

शिकविणे हा पेशा, परदेश हा मुक्काम

मग परदेशात इंग्रजी शिकविणे हा आयुष्यभराचा पेशा होऊ शकतो का? होतो, पण ‘परदेशात’ आणि ‘इंग्रजी’ या दोन शब्दांवर भर देणाऱ्याचा नव्हे. ‘शिकविणे’ या शब्दावर ज्याचा भर आहे त्याचा होतो. बोलीच्या जोरावर वर्षावर्षाच्या करारांनी देश बदलीत जाणाऱ्याला पंचविशीत मौज असते, पस्तिशीत थकवा येतो आणि पंचेचाळिशीत त्याची जागा घेण्यास दुसरा पंचविशीतला तरुण उभा असतो. उलट ज्याने अध्यापनाची पूर्ण पदवी घेतली, शाळेत विषयशिक्षक म्हणून पाय रोवले, पुढे विभागप्रमुख, पर्यवेक्षक, शिक्षक-प्रशिक्षक अशा पायऱ्या चढल्या, त्याचे ज्ञान प्रत्येक वर्षागणिक मोलाचे होत जाते. 1958 मध्ये हैदराबादेत स्थापन झालेली आणि 2007 मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालेली इंग्रजी व परकीय भाषांची संस्था अशा अध्यापकांसाठीच घडविली गेली. तेथील पदविका घेऊन निघालेला शिक्षक कोणत्याही देशात विषयाचा जाणकार म्हणून उभा राहतो. काचरूंसारखे विद्यापीठीय आयुष्य थोड्यांच्या वाट्यास येते, पण तेही याच वाटेच्या शेवटी आहे.

या समाजाला शिक्षकाच्या पेशाचे मोल सांगण्याची गरज पडू नये. कुंभोज येथे 22 सप्टेंबर 1887 रोजी जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग त्यांनी गोरगरिबांच्या मुलांना दाखविला. पंढरपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि परिसरातील खेड्यांची मुले तेथे शिकतात. सोलापुरात ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या संस्थेने वालचंद महाविद्यालय चालविले. पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमात मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत ज्या घरांनी शास्त्रदानाला स्थान दिले, त्यांच्याच मुलीने शिक्षिका व्हावे आणि घराने तिला ‘त्यात काय मिळणार’ असे विचारावे, हे विसंगत आहे.

तेव्हा जेवणाच्या पानावर निघालेल्या त्या विषयाला घराने तत्काळ ‘नाही’ म्हणू नये, आणि पगार ऐकून तत्काळ ‘हो’ही म्हणू नये. प्रथम बी.एड. पूर्ण करावे. दोन-तीन वर्षे पंढरपूर, सोलापूर, पुणे, कोठेही चांगल्या शाळेत शिकवून पाहावे. वर्गात उभे राहणे आवडते की नाही, हे परदेशी गेल्यावर शोधू नये. मग विषयशिक्षकाचे पद, लेखी करार, घराची सोय आणि उपदानाचा नियम पाहून जावे. पहिल्या वर्षापासून बचतीचा खाना वेगळा ठेवावा. दर तीन वर्षांनी घरच्यांसह बसून राहायचे की परतायचे याचा विचार नव्याने करावा, जसा दिवाळीला वह्यांचा केला जातो. आणि परतलेल्या शिक्षिकेसाठी गावाने जागा ठेवावी. मस्कतच्या वर्गात वीस देशांच्या मुलांना इंग्रजी शिकविलेली बाई करकंबच्या शाळेला लाभली, तर ज्यांना बारा वर्षांची अट आडवी येते त्या मराठी माध्यमाच्या मुलांना तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणाचा होणार नाही.

आषाढ सरतो, पंढरपूर रिकामे होऊ लागते. गेलेल्या दिंड्या परतीच्या वाटेला लागतात. करकंबची पेठ आपल्या नेहमीच्या व्यवहारात गढलेली असते, आणि परतणारे वारकरी त्याच पायऱ्यांवर क्षणभर टेकून पुढे जातात.